नाताळची सुट्टी आणि प्रार्थना समाज

 

नरसिंहपुरात येऊन चर्चबद्दल बोलायचं, हे काहींना जरा विचित्र वाटलं असेल. नीरा आणि भीमा इथे एकमेकींना भेटतात, वर लक्ष्मीनृसिंहाचं राऊळ आहे, विंचूरकरांनी बांधलेला दगडी परिसर आहे, निम्म्या महाराष्ट्राचं कुलदैवत इथलं. आणि आम्ही विषय घेतला तो नाताळच्या सुट्टीचा! पण चर्च म्हणजे क्रूस असलेली इमारत एवढाच अर्थ आम्हाला अभिप्रेत नाही. पंथाची सक्ती न करणारं, एकाच ग्रंथाला शेवटचं प्रमाण न मानणारं, तरीही दर आठवड्याला एकत्र जमून प्रार्थना करणारं मंडळ, या अर्थानं मराठी मुलखात एक उदार चर्च होऊन गेलं. त्याचं नाव प्रार्थना समाज. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे त्याला उदार धर्म म्हणत. आज तेच मंडळ हिवाळ्याच्या सुट्टीत काय करत होतं, कसं जमत होतं, कुणाबरोबर जेवत होतं, हे बघू. 'कुणाबरोबर जेवत होतं' हे सहज बोलून गेलो नाही, सगळा झगडा तिथंच आहे.

सुरुवात पावापासून करावी लागते. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. सभासद व्हायचं तर ख्रिश्चनानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. तेवढं केलं की तुम्ही जात मानत नाही हे सिद्ध झालं. आता बघा, मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, विधवाविवाह हवा, अशी सगळी मोठी तत्त्वं कागदावर होती. पण माणूस आपला झाला की नाही ते ठरायचं पावाच्या तुकड्यावर. आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला, आणि आम्हाला हे फार समंजसपणाचं वाटतं. मत बदलणं सोपं असतं. घास घशाखाली उतरणं अवघड. पुढे 1860 च्या सुमाराला सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. गुपचूप पाव खाणारी मंडळी उघड्यावर आल्यावर पांगली.

सात वर्षांनी, 1867 च्या मार्चमध्ये, त्यातल्याच काहींनी आणि नव्या पदवीधरांनी प्रार्थना समाज स्थापला. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात पुढे होते. बंगालचे केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेले होते, त्यांच्या व्याख्यानांनी हवा तापली होती. मग न्यायमूर्ती रानडे आले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, पुढे नारायण गणेश चंदावरकर आले. 1870 मध्ये पुण्याचा समाज निघाला, 1873 मध्ये 'सुबोध पत्रिका' सुरू झाली. यावेळी मंडळी शहाणी झाली होती. पावाची अट काढून टाकली. जात मोडायची सक्ती नाही, घरातले देव फेकायची सक्ती नाही. रविवारी या, उपासना करा, तुकोबांचे अभंग म्हणा, प्रवचन ऐका. एकनिष्ठ वारकऱ्याला यातलं फारसं काही परकं वाटलं नसतं, फक्त समोर विठोबा उभा नव्हता.

या सावधपणाला आजवर पुष्कळांनी नावं ठेवली आहेत. आम्ही सरसकट ठेवणार नाही. परमहंस सभेचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याची किंमत काय पडली, तेही सांगितलंच पाहिजे. 1873 मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा हा पुढारी आता विधवेशी लग्न करील अशी लोकांची अपेक्षा. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या, सेवासदन उभं केलं, ते सगळं खरं. पण त्या दिवशी रानड्यांच्या बाजूनं उभं राहायला मंडळ नव्हतं. रविवारी एकत्र प्रार्थना करणारे होते. लग्न, मयत, पंगत यांच्या वेळी मात्र प्रत्येक जण आपापल्या जातीत परत जात होता.

आता नाताळकडे येऊ. ख्रिस्तजन्माशी या लोकांचा संबंध काय? एक तर सुट्टीचा. कोर्ट बंद, कचेऱ्या बंद, शाळा-कॉलेजं बंद. वकील, मुन्सफ, मास्तर, कारकून, प्रोफेसर, म्हणजे प्रार्थना समाजाची जवळजवळ सगळी मंडळी, वर्षातून एकदा एकाच आठवड्यात मोकळी सापडत. दिवाळीत घरचं असतं, गणपतीत घरचं असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरचं काही नसतं. त्यातून रेल्वे झालेली. थंडीत प्रवास सुखाचा. म्हणून हिंदुस्थानचं सगळं सार्वजनिक आयुष्य त्या एका आठवड्यात येऊन बसलं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 28 डिसेंबर 1885 ला मुंबईत भरलं. भरायचं होतं पुण्याला, पण पटकीची साथ आली आणि ते मुंबईला न्यावं लागलं. 1887 पासून काँग्रेसच्या पाठोपाठ रानड्यांची सामाजिक परिषद भरू लागली, त्याच गावी, त्याच मांडवात. आणि याच दिवसांत ब्राह्म समाज आणि प्रार्थना समाज यांच्या लोकांची एकेश्वरी धर्मपरिषदही भरू लागली. सकाळी उपासना, दुपारी ठराव, रात्री कुणाच्या तरी घरी जेवण. बंगाली, मद्रासी, गुजराती, मराठी एकेश्वरवादी एकमेकांची तोंडं बघायचे ते याच आठवड्यात. साहेबाच्या सणानं हिंदू सुधारकांना मंडळ म्हणून जगायला सवड दिली. याला काय म्हणावं, ते तुम्ही ठरवा.

एक हिवाळा जरा थांबून बघण्यासारखा आहे. डिसेंबर 1895, पुणे. काँग्रेसचं अकरावं अधिवेशन, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. दरवर्षीप्रमाणे सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरायची होती. पुण्यातल्या एका मोठ्या पक्षानं आक्षेप घेतला: राजकारणाला सर्वांनी वर्गणी दिली आहे, सुधारणेला नाही; त्या मांडवात विधवाविवाहाचे ठराव नकोत. लोकमान्य टिळक त्या बाजूला होते. वाद इतका चिघळला की काँग्रेसच मोडते की काय असं झालं. शेवटी रानड्यांनी मांडवावरचा हक्क सोडला आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळा मांडव घालून भरवली. भांडारकर अध्यक्ष होते. त्या वेगळ्या मांडवालाही आग लावू, अशी धमकी विरोधकांनी दिली होती. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन' या न झालेल्या भाषणात ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. तो मांडव ज्या दिवशी कॉलेजच्या माळावर हलला, त्या दिवशी राजकीय सुधारणा आणि सामाजिक सुधारणा यांचं जेवणाचं ताट वेगळं झालं, असं आमचं मत आहे. इतिहासकार याहून सावध भाषा वापरतील. वापरू देत.

पाच वर्षांपूर्वी, 1890 च्या ऑक्टोबरात, याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटांचं प्रकरण झालं होतं. ते तुम्ही शाळेत वाचलंच असेल. मिशनऱ्यांच्या घरी चहा पुढे आला, काहींनी प्याला, काहींनी नुसता पेला हातात धरला, आणि गोपाळराव जोश्यांनी सगळी नावं छापून आणली. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, ग्रामण्य झालं. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, स्वतःला पाप वाटलं म्हणून नव्हे, वाळीत पडलेल्या मित्रांना सोबत म्हणून. प्रार्थना समाजातले त्यांचे तरुण सहकारी यानं फार दुखावले. 1849 चा पाव आणि 1890 चा चहा. मधल्या चाळीस वर्षांत विद्यापीठ निघालं, रेल्वे आली, पण घशातला घास तिथंच अडकून होता.

त्या 1895 च्या पुण्यात एक परदेशी पाहुणा हजर होता. जेबेझ सँडरलँड, अमेरिकेतले युनिटेरियन धर्मोपदेशक. इंग्लंडच्या युनिटेरियन मंडळानं त्यांना हिंदुस्थानातल्या उदारमतवादी धर्ममंडळांची पाहणी करायला धाडलं होतं. त्याच दौऱ्यात ते खासी डोंगरातल्या युनिटेरियनांकडेही गेले. तिथे हाजोम किसोर सिंग नावाच्या एका खासी माणसानं 1887 मध्ये स्वतःच्या विचारानं तसंच मंडळ उभं केलं होतं. ते आजही टिकून आहे, आणि गावागावात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आम्ही तिच्याकडे परत येऊ.

युनिटेरियन म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगतो. देव एकच आहे, तीन रूपांचा नाही; येशू हा थोर माणूस, देव नव्हे. म्हणजे नाताळ या सणाचा जो गाभा, देवानं मानवी देह घेतला, तोच यांना मान्य नाही. मग यांनी नाताळ सोडून द्यायला हवा होता. झालं उलटं! मॅसॅच्युसेट्समध्ये कडव्या प्युरिटन लोकांनी 1659 पासून बावीस वर्षं नाताळ साजरा करण्यावर दंड ठेवला होता. बायबलमध्ये त्याची तारीख नाही, तो सण खोटा, असं त्यांचं म्हणणं. त्याच प्रांतात एकोणिसाव्या शतकात नाताळ घराघरांत आणला त्यात युनिटेरियन पुढे होते. चार्ल्स फॉलेन या जर्मनीहून आलेल्या युनिटेरियन उपदेशकानं 1835 मध्ये आपल्या मुलासाठी मेणबत्त्यांचं झाड सजवलं, ते हॅरिएट मार्टिनो या बाईंनी लिहून ठेवलं आणि सगळीकडे पसरलं. इंग्रजीतलं एक फार प्रसिद्ध नाताळगीत 1849 चं आहे, एडमंड सिअर्स या युनिटेरियन धर्मोपदेशकाचं. त्या गाण्यात बाळ येशूपेक्षा माणसांच्या युद्धांचीच खंत जास्त आहे. चार्ल्स डिकन्स 1840 च्या दशकात लंडनमध्ये युनिटेरियन प्रार्थनामंदिरात जात असे, आणि त्याची ती कंजूष म्हाताऱ्याची नाताळकथा 1843 ची. त्यात चमत्कार आहे तो एका माणसानं आपल्या कारकुनाच्या घरी टर्की धाडण्याचा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना विचारत असू: सिद्धान्त गेल्यावर सण कशाच्या जोरावर उभा राहतो? मुलं म्हणत, सवयीच्या. अर्धं खरं आहे ते. आमचं उत्तर असं की तो जेवणाच्या जोरावर उभा राहतो. पंगत मांडली की कोण बसलं आणि कोण नाही, हे दिसतं. प्रवचनात ते दिसत नाही.

बंगालात हे रवींद्रनाथांना नीट कळलं होतं. त्यांचे वडील देवेंद्रनाथ यांनी 7 पौष या दिवशी, 1843 मध्ये, ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली. बंगाली 7 पौष म्हणजे आपल्या 22-23 डिसेंबरच्या आसपास. त्या दिवसाच्या निमित्तानं शांतिनिकेतनात उत्सव सुरू झाला आणि 1894 पासून त्याला जोडून जत्रा भरू लागली, खेड्यापाड्यातले संथाळ, बाऊल, कुंभार, विणकर सगळे येणारी. मग 1910 मध्ये रवींद्रनाथांनी 25 डिसेंबरला मंदिरात ख्रिस्तोत्सव सुरू केला. ब्राह्म मंदिर, मूर्ती नाही, क्रूस नाही, आणि येशूच्या नावानं उपासना. पुढे जानेवारीत माघोत्सव, 1830 मध्ये राममोहन रॉय यांच्या मंडळीनं आपलं पहिलं प्रार्थनागृह उघडलं त्याची आठवण. म्हणजे महिनाभराची माळच झाली.

आपल्याकडे अशी जत्रा झाली नाही. का नाही झाली, हाच प्रश्न विठ्ठल रामजींना आयुष्यभर सलत राहिला.

शिंदे जमखंडीचे, 1873 चा जन्म, घरात पंढरीची वारी. पुण्यात शिकायला आले आणि प्रार्थना समाजात रमले. सँडरलँडच्या त्या हिवाळी दौऱ्यातून एक योजना निघाली होती, हिंदी विद्यार्थ्यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माच्या अभ्यासासाठी पाठवायचं. 1901 मध्ये शिंदे त्या शिष्यवृत्तीवर गेले. दोन वर्षं राहिले, तिथलं काम पाहिलं. 1903 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि परत आले. काय शिकून आले? धर्मशास्त्र तर शिकलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथलं चर्च हे रविवारच्या दीड तासापुरतं नसतं हे त्यांनी पाहिलं. युनिटेरियनांची शहरातल्या गरिबांच्या वस्तीत घरं होती, तिथं मुलांचे वर्ग, बायकांच्या बैठका, आजाऱ्यांची विचारपूस. मुंबईत आल्यावर त्यांनी तरुणांचा संघ काढला, घरोघरची कौटुंबिक उपासना सुरू केली, धर्मपरिषदांचा भार उचलला. प्रीतिभोजन हा शब्द मराठीत रुळला तो अशाच मंडळींमुळे. निरनिराळ्या जातींची माणसं, बायकामुलांसकट, एका ओळीत. 'बायकामुलांसकट' हे महत्त्वाचं. परमहंस सभेत पाव खाणारे सगळे पुरुष होते, आणि घरी परतल्यावर बायकोला पत्ता नसे.

मग 18 ऑक्टोबर 1906 ला डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघालं, परळला शाळा सुरू झाली, चंदावरकरांनी उद्घाटन केलं. शिंदे अस्पृश्य वस्तीत राहायला गेले, बहीण जनाक्का बरोबर. आता प्रार्थना समाजाच्या पंगतीत कोण बसणार, याला खरा अर्थ आला. इथं मंडळाची छाती कुठे कमी पडली, ते शिंद्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय; 1910 मध्ये ते समाजाच्या प्रचारकाच्या कामातून बाहेर पडले. आम्हाला वाटतं प्रार्थना समाजाचं सगळ्यात मोठं काम त्या समाजाच्या उंबऱ्याबाहेर झालं. आतल्या माणसांना ते ऐकायला आवडत नाही, पण तसं झालं खरं.

आता आपल्या नरसिंहपूरकडे. हे उदार चर्च इंदापूर-बारामतीच्या बाजूला का आलं नाही? रानडे या भागाला अनोळखी नव्हते. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळल्या. सुपे आज बारामती तालुक्यात. त्या दंग्यांतून 1879 चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी रानडे पुणे-सातारा जिल्ह्यांत तालुक्या-तालुक्याला हिंडत होते, रमाबाईंना घेऊन. इथल्या कुणब्याचं कर्ज त्यांना पैपैशानं माहीत. पण न्यायाधीश म्हणून येणारा माणूस उपासनेला या म्हणाला तर कुणबी येईल का? आणि आला तरी कधी येणार? नाताळची सुट्टी कचेरीवाल्याला. इथं डिसेंबर म्हणजे ज्वारी पोटरीत, पाखरं राखायची, पुढे हुरडा. आता ऊस झाला तेव्हापासून तर हिवाळ्याइतकं काम कधीच नसतं. कारखाने पेटलेले, फडात कोयते, बीडकडून आलेली माणसं कोप्या घालून राहिलेली. आपले सण वेगळे: चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, मग संक्रांत. उदार चर्चनं आपलं पंचांग साहेबाच्या कचेरीवरून घेतलं, गावानं ते पिकावरून घेतलं. दोन्ही जुळलं नाही.

खासी डोंगरात ते का जुळलं? हाजोम किसोर सिंग खासी भाषेत बोलत होते, खासी माणसांच्या घरात जमत होते. इकडे प्रार्थना समाजाकडे तुकोबा होते, पण तुकोबांकडे आधीच वारी होती, सप्ताह होता, काला होता. वारकऱ्याला समाजाची गरज का पडावी? हां, एका जागी पडली असती. काल्याचा प्रसाद सगळ्यांच्या मुखात घालतात असं आपण म्हणतो, पण पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडायला 1947 चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बाईला अजूनही किती घरांतून बोलावणं जातं, ते इथल्या बायकांनीच आम्हाला सांगावं.

तरी एक धागा आहेच. आपली भीमा इथून पुढे पंढरपूरला जाते. तिथं 1875 मध्ये, म्हणजे सुप्याच्या दंग्याच्याच वर्षी, लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाच्या पुढाकारानं प्रार्थना समाजानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा वारीच्या निमित्तानं पंढरपूरला येत, बाळंत होत, आणि मूल वाळवंटात जाई. त्या बायकांना नाव न विचारता आत घेणारं घर. दुष्काळात तिथं अनाथ मुलं वाढली. हे घर नाताळच्या सुट्टीत उघडायचं आणि कोर्ट सुरू झालं की बंद, असं नव्हतं. बारा महिने तिथं चूल पेटत होती, आणि एका पंगतीत बसलेल्या पोरांची जात कुणालाच ठाऊक नव्हती. परमहंस सभेनं लपून जे केलं ते इथं रोज दुपारी होत होतं. मंडळाचे ठराव आणि प्रवचनं छापील आहेत, अभ्यासकांना मिळतात. या घरातल्या स्वयंपाकघराचा इतिहास मात्र अजून कुणी सलग लिहिलेला आम्ही वाचला नाही. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावानं ती संस्था पंढरपुरात आहे. इथून एसटीनं जाता येतं. तुमच्यातल्या तरुण मंडळींपैकी कुणाला इतिहासात काही करायचं असेल तर तिथं जावं, जुन्या वह्या कुठे असतील त्या मागाव्यात, आणि धान्याच्या खर्चापासून वाचायला सुरुवात करावी.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.